बाटलेल्या बैलाचा जोडीदार

परतूरच्या आमच्या घरी सकाळी साडेसहाला नळाला पाणी येते. रजनीबाई आधी पिण्याची घागर भरतात, मग टाकी. दीनानाथराव दाढीचा मग हातात धरून थांबतात. आज मात्र सर्वांत आधी नळाखाली परात आली. तिच्या तळाशी कालचा गाळ होता. परात त्यांच्या मुलीने, चिन्मयीने, लावली. का, असे तिला कोणी विचारले नाही.

मित्रांनो, मी एक जुना, मातीचा बैल आहे. वाटूरच्या दुर्गाबाईंनी ओढ्याकाठच्या मातीतून मला आणि माझ्या जोडीदाराला पोळ्यासाठी घडवले. आम्हाला भाजले नाही; पूजेनंतर पाण्यात सोडायचे बैल त्या कच्चेच ठेवतात. वरून चुन्याचा हात दिला. "सोडशील तवा दोघायला सोड, बाई. एकट्याला मागं ठेवू नको," असे त्यांनी चिन्मयीला बजावले होते. तिने आम्हाला सोडलेच नाही. चार वर्षे आम्ही तिच्या पुस्तकांच्या फळीवर उभे होतो. पाण्यात आमचे काय होते, हे तिने कधी पाहिले नव्हते.

मग तिच्या दादाने, अद्वैतने, एक खेळ आणला. पुठ्ठ्यावर रंगवलेले राज्य, वीस बाजूंचा फासा, नियमांची वही. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. चिन्मयी रानराखीण झाली आणि आम्ही तिचे दुधी बैल. किती कौतुक झाले आमचे! काल संध्याकाळी मात्र त्या राज्यावर सगळ्यांना बाटवणारे काळे धुके उतरले. अद्वैतने समईची काजळी माझ्या जोडीदाराला फासली.

"बाटला. आता ह्याला मारावं लागंल."

"न्हाई! धुतला की शुद्ध होईल."

"बाटलेला परत येत न्हाई. वहीत लिहिलंय."

"वही तूच लिहिली ना, दादा? मंग तू बाटलास तर तुला पण मारू?"

"मारशीलच. माझी सायकल पाहिजे तुला."

तिचे डोळे भरले, तेव्हा तो नमला. अठराच्या वर पडले तर झऱ्याचे पाणी त्याला शुद्ध करील, असे ठरले. तिने फासा टाकला. एकोणीस.

ती धावत परात भरून घेऊन आली. अद्वैतला वाटले, ती लुटुपुटीचे धुवील. तिने जोडीदाराला पाण्यात बुडवले आणि चोळले.

"दादा, काळं निघून राह्यलंय! बघ ना!"

काळे निघाले. मग चुना निघाला. मग शिंगे. तिचा अंगठा त्याच्या पाठीत रुतला, तेव्हा कुठे तिचे हात थांबले.

मित्रांनो, कोणाला शुद्ध करायला निघालात, तर तो कशाचा घडला आहे, हे आधी विचारा. माझा जोडीदार मारणाऱ्याच्या हातून गेला नाही. मायेच्या हातून गेला.

अद्वैतने वहीतला नियम खोडला. "नवी जोडी आणू," तो म्हणाला. पुठ्ठ्यावर मी एकटाच उभा होतो आणि ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

आज परात भरल्यावर तिने मला उचलले. पाठीवरची धूळ फुंकली. अद्वैतने न सांगता परात धरली, पाणी हिंदकळू नये म्हणून. गाळ खाली बसेपर्यंत दोघे थांबले. मग तिने मला त्या गाळाच्या डाव्या बाजूला, जोडीत मी उभा असायचो तिथे, ठेवले.