कोन्सुएलोचा चाबूक

निन्फाने स्टुलावर चढून दोन्ही हातांनी डबा उचलला, तशा निवडुंगाच्या लांब शेपट्या तिच्या मनगटांवर, बाहीवर, मानेवर पसरल्या. बारीक काटे टोचले तरी तिने डबा सोडला नाही.

"खालून धरा, ओतिलियाबाई. हळू."

ओतिलियाने तळाला हात लावला. दोघींनी मिळून तो ओट्यावर टेकवला. चरबीचा जुना पत्र्याचा डबा, दर वर्षी निळ्या रंगाचा हात दिलेला. शेपट्या ओट्यावरून खाली जमिनीपर्यंत लोंबल्या.

ओतिलियाचा नवरा एरास्तो वारल्यानंतरची नवव्या दिवसाची प्रार्थना काल आटोपली होती. शेजारणी मक्याच्या तमालेंची पातेली घासून आपापल्या घरी घेऊन गेल्या होत्या. घर एरास्तोने मुलीच्या, निन्फाच्या नावावर केलं होतं. तसं करा असं ओतिलियानेच त्याला सांगितलं होतं. निन्फा पुएब्लाला एका दवाखान्यात परिचारिका होती आणि चारच्या बसने परत निघणार होती. आल्या दिवशीच ती म्हणाली होती की तिला काही नको, फक्त आईचा चाबूक हवा.

इश्तलानमध्ये या निवडुंगाला चाबूकच म्हणत. डोंगरात तो ओकच्या फांद्यांवर वाढे आणि गावात प्रत्येक पडवीत लोंबे. एरास्तोच्या पडवीतला त्याच्या पहिल्या बायकोने, कोन्सुएलोने लावला होता. ओतिलिया या घरात आली तेव्हा कोन्सुएलोला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि निन्फा चौदा वर्षांची होती. मुलगी नव्या बाईशी उद्धटपणे वागली नाही. विचारलं तेवढंच बोलायची आणि वाढलं तेवढंच जेवायची.

"याला पाणी कसं घालता?" निन्फाने विचारलं.

"माती कोरडी झाली की. काडी खुपसून बघायची. थंडीत जवळजवळ नाहीच. सकाळचं ऊन लागू दे, दुपारचं नको. आणि कळ्या धरल्या की डबा जागचा हलवायचा नाही, गळतात."

निन्फा मान डोलवत होती. तिने पिशवीतून जुनी चादर काढली आणि शेपट्या एकेक करून तिच्यात गोळा करू लागली. ओतिलिया तिच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने चादरीच्या टोकावर हात ठेवला.

"निन्फा, हे तुझ्या आईचं नाही."

निन्फाचे हात थांबले.

"तिचं मी आले त्याच वर्षी कुजलं. बुडापासून पिवळं पडत गेलं. माझ्या हातून पाणी जास्त झालं. मी लाचातावला मावशीकडे गेले, तिच्याकडची चार कांडं आणली आणि याच डब्यात लावली. तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही. तू ते एवढ्या लांब घेऊन जाणार, म्हणून सांगते."

"मला माहीत आहे."

"कशावरून? फुलावरून?"

"फुलावरून नाही." निन्फा स्टुलावर बसली. "तुम्ही मका चुन्यात शिजवून ते पाणी बादलीत ओतून ठेवायचात ना, न्हाणीपाशी? त्यातलं मी रोज वाटीभर या डब्यात घालत होते. महिनाभर."

"का गं?"

"ते मेलं की बाबा तुम्हाला हाकलतील, असं वाटलं होतं."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. ओतिलियाने एप्रनला हात पुसले, मग पुन्हा पुसले. एरास्तो त्या वेळी डब्यापाशी आला होता, माती चिमटीत चुरडली होती आणि पाणी जास्त झालं असेल एवढं बोलून कामाला गेला होता.

"तेवीस वर्षं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तेवीस वर्षं मी याला कपाने मोजून पाणी घालतेय. भावाच्या लग्नाला गेले तर दुसऱ्या दिवशी परत आले, शेजारीण जास्त घालेल म्हणून. आणि तू, कार्टे, चुन्याचं पाणी? आईचं झाड होतं ना ते तुझ्या? हात कसा धजला तुझा?"

निन्फा खाली मान घालून ऐकत होती. या घरात ओतिलिया तिच्यावर कधी रागावलीच नव्हती. निन्फाने एकदा ताटातलं अन्न टाकलं तेव्हा नाही, लग्न ठरवून नुसती चिठ्ठी पाठवली तेव्हाही नाही. ओतिलियाने प्रत्येक वेळी ओठ मिटून घेतले होते.

"अजून बोला," निन्फा म्हणाली.

"बोलणारच आहे! तुझ्या परवानगीची वाट बघू का?"

आणि ती बोलली. तिने चिठ्ठीचं काढलं, चार ईस्टर न येण्याचं काढलं, बाप आजारी असताना फोन दोन मिनिटांत ठेवण्याचंही काढलं. बोलून दमली तेव्हा ओट्याच्या कडेवर टेकली. निन्फाने डोळे पुसले नाहीत, पण नाक जोरात शिंकरलं.

"म्हणजे हे झाड तुमचं," ती म्हणाली. "मग मी डबा नेत नाही. मला एक तुकडा द्या."

"एकाने काय होतंय? तीन घे."

"आणि ते दारातलं खोकं कशाला बांधलंय?"

"भावाकडे जाते. त्लाकोलुलाला."

"मी जा म्हटलं?"

"नाही म्हटलंस."

"मग? घराची किल्ली काय मांजराकडे देणार होतात?"

ओतिलिया ओट्यावरून उठली. ती आतून सुरी घेऊन आली, पाती विस्तवावरून फिरवली आणि तीन शेपट्या सांध्याशी कापल्या. कापल्या जागी चिकट पाणी आलं. तिने त्या सावलीतल्या फळीवर वेगवेगळ्या मांडल्या.

"लगेच मातीत घालायच्या नाहीत," ती म्हणाली. "काप सुकावा लागतो. आठ दिवस."

"आठ?"

"आठ. कधी दहा."

निन्फाने घड्याळाकडे पाहिलं. मग फोन घेऊन ती पडवीच्या टोकाला गेली आणि दवाखान्यात कोणाशी तरी रजेबद्दल बोलू लागली.

वर्तमानपत्रात सैल गुंडाळल्या असत्या तर पुएब्लापर्यंतच्या वाटेतही त्या बिनधोक सुकल्या असत्या, हे ओतिलियाला ठाऊक होतं. तिने निन्फापुरता जास्तीचा मूठभर मका निवडायला घेतला.