बिनकाट्याची चिलापी

इरम्मानं टोस्टांचा पुडा जुन्या फडक्यात रिकामा केला, चारी टोकं आवळून गाठ मारली आणि वरून लाटण्याचे रट्टे घालायला सुरुवात केली. मोबाइलमधली बाई गोड आवाजात सांगत होती की ब्रेडचा चुरा घ्यायचा. ती कुठल्या शहरातली होती कोण जाणे. उमरग्यात इरम्माच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती आणि त्या बेकरीत टोस्ट होते, म्हणून टोस्ट. चुरा तो चुरा, त्यात एवढं काय.

पलीकडं ताटलीत चिलापीचे पांढरे तुकडे होते. त्यांच्यावर तिनं दुसरी ताटली पालथी घातली होती, जसे काही ते तुकडे तिच्याकडं बघतच होते. साठी ओलांडली तरी इरम्मानं जन्मात मासा हातात धरला नव्हता. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, आणि यजमान चन्नबसप्पा विभूती लावल्याशिवाय चहासुद्धा न घेणारे. अशा घरात ती आज पदर खोचून मासा भाजायला बसली होती.

सकाळी बाजारात तर फजितीच झाली. तोंडावर पदर ओढून ती मासळीवाल्या सिताबाईपुढं उभी राहिली, तर सिताबाईनं लांबूनच ओळखलं.

"आक्का, भाजीची लाईन तिकडं हाय. चुकून आलाव का?"

"चुकून कशाला येईन? मांजरीला पायजे."

"मांजरीला व्हय. मग ही बारकी घिऊन जावा, सस्तात दिते."

"नको. पांढरा, चांगला दे. अन् काटे काढून दे."

सिताबाईचा सुरा हवेतच थांबला. "मांजरीला काटे काढून? लई लाडाचं मांजर दिसतंय, आक्का."

"हाय बाई लाडाचं," इरम्मा म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही फुटला की सिताबाईनं पुढं चेष्टा केली नाही. मुकाट्यानं दोन मोठ्या चिलाप्या सोलून तिनं काटे वेचले, तुकडे केले आणि दुहेरी पिशवीत बांधून दिले.

हे लाडाचं मांजर म्हणजे सून, वर्षाराणी. परंड्याकडची, सीना-कोळेगावच्या धरणात मासे धरणाऱ्या भोयाची लेक. लॅबचं शिक्षण घेऊन उमरग्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायला आली आणि इरम्माचा एकुलता एक शिवकुमार ताप आला म्हणून तिथं गेला, तो ताप उतरल्यावरही जातच राहिला. घरात आकांत झाला. शेवटी इरम्मानंच तोड काढली. पोरगी चालेल, पण ह्या घरात मासळी शिजणार नाही आणि मासळीचं नावही निघणार नाही. वर्षाराणीनं मान हलवली होती. दिलेला शब्द तिनं पाळला तो इतका की इरम्मालाच कधी कधी चुकल्यासारखं व्हायचं. शिवकुमार मात्र बायकोला गुपचूप हायवेवरच्या ढाब्यावर न्यायचा. त्याच्या रुमालाला वास यायचा आणि इरम्मा तो रुमाल सगळ्यात आधी धुऊन टाकायची. आईला काय कळत नाही, असं त्याला वाटायचं.

तोच हायवे त्याला घेऊन गेला. नळदुर्गच्या अलीकडं, उभ्या ट्रकवर मोटारसायकल गेली. त्याला वर्ष व्हायला आलं होतं.

मातीला वर्षाराणीचा भाऊ लिंबाजी आला होता. जाताना त्यानं दबकत विचारलं होतं, "मावशी, तुमच्यात सुतक कधी फिटतंय?"

"आमच्यात सुतक न्हाय," इरम्मानं ताठ मानेनं सांगितलं होतं. "लिंगैक्य झालेल्याचं सुतक कसलं?"

लिंबाजी बहिणीकडं बघत राहिला होता. बहीण खाली बघत होती. एवढ्या दुःखातही इरम्माला त्या वेळी आपल्या धर्माचा अभिमानच वाटला होता.

तेव्हापासून लिंबाजीचा फोन यायचा. कधी येऊ न्यायला, चार माणसं बघून पुढचा विचार करू, तुझं वय काय, असं चालायचं. वर्षाराणी पडवीत उभी राहून बोलायची आणि भिंतीआड इरम्मा कान देऊन बसायची. दर वेळी तेच उत्तर. "अजून न्हाय, दादा. अजून थांब थोडं." त्या 'अजून न्हाय'वर इरम्मा पुढचे काही दिवस जगायची. पोरीचा जीव गुंतलाय आपल्यात, नाहीतर कशाला राहील? पण पोरगी वाळत चालली होती. दवाखान्यातून यायची, अर्धी भाकरी चिवडायची, ताट धुऊन ठेवायची. हसू तर कुणी काढूनच नेलं होतं. अशी कुढत राहिली तर एक दिवस जाईलच, आणि ती गेली की ह्या घरात शिवकुमारचं नाव घेणारं तरी कोण उरेल? चन्नबसप्पा तर बोलतच नव्हते. हे सगळं आपल्या स्वार्थाचं आहे, हेही इरम्माला कळत होतं. कळून काय करायचं! जीव तर तुटायचा तो तुटतच होता.

म्हणून तिनं ठरवलं. आपणच घातलेली अट आपणच मोडायची. आपल्या हातानं मासा करून पोरीच्या ताटात वाढायचा. म्हणजे तिला कळेल की हे घर तिचंच आहे, काय शिजवायचं ते तिनं शिजवावं, फक्त राहावं.

तळायचं तर सगळ्या गल्लीला आवतण गेलं असतं. म्हणून ओव्हन. शिवकुमारनं हौसेनं बायकोला आणून दिलेला, बिनअंड्याचे केक करायला. तो गेल्यापासून ओव्हनवर फडकं होतं. इरम्मानं दुपारीच ते काढलं, ओव्हन मागच्या पडवीत नेऊन ठेवला आणि मोबाइलमधल्या बाईचं सगळं चारदा ऐकून घेतलं.

तुकड्यांना तिनं हळद, मीठ, लिंबू, वाटलेला लसूण आणि घरचं काळं तिखट लावलं. मीठ अंदाजानंच घातलं, चाखणार कोण? मग बाई म्हणाली, आता तुकडा फेटलेल्या अंड्यात बुडवा. इथं इरम्मानं हात जोडले. शिवा शिवा, एका दिवसात एवढं नको. तिनं मैदा पाण्यात दाटसर कालवला, त्यात तुकडा बुडवला आणि टोस्टाच्या चुऱ्यात दोन्ही बाजूंनी थापला. चुरा छान चिकटला. पहिल्या तुकड्याला तिचं बोट शहारलं, दुसऱ्याला कमी, आणि शेवटी शेवटी तर ती भाकरी थापावी तशी सराईत थापत सुटली. वरून चमच्यानं थेंब थेंब तेल सोडलं आणि ट्रे आत सरकवला.

"काय करायलीस?"

दारात चन्नबसप्पा उभे होते. संध्याकाळची पूजा आटोपून आले होते, कपाळावर ओली विभूती.

"केक," इरम्मा म्हणाली.

अप्पांनी हवेत नाक वर केलं. "केकात लसूण घालाय लागलीस का आता?"

ओव्हनच्या काचेतून लाल उजेड तिच्या तोंडावर पडला होता. अप्पांनी वाकून काचेतून आत बघितलं. ओरडतील, बाहेर फेकून देतील, आंघोळीला जातील, काय करतील ते करोत, असं मनाशी म्हणत ती बसून राहिली.

"पोरीसाठी का?"

तिनं मान हलवली.

"खाईल का ती?"

"खाल्लं तर ऱ्हाईल," इरम्मा म्हणाली. "मला वाटतंय बघा तसं."

अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "मी बाहेर कट्ट्यावर बसतो. मधलं दार लोटून घे. त्या शेजारच्या भुवनेश्वरीला वास गेला तर उद्या मठात आरती आधी आपलीच होईल."

इतक्या महिन्यांत ते एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. इरम्माला वाटलं, आता सगळं नीटच होणार.

वर्षाराणी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. ती चपला काढून आत आली, दोन पावलं टाकली आणि थबकली. वास तिच्यापर्यंत पोचला होता.

"अव्वा?"

"ये. हातपाय धू. गरम हाय तवर बस."

वर्षाराणी पडवीच्या दारापर्यंत आली. ट्रे नुकताच बाहेर काढला होता. तुकडे तांबूस झाले होते, कडेनं चुरा बुडबुडत होता. तिनं ट्रेकडं पाहिलं, मग इरम्माच्या हातांकडं पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू असा उतरत गेला की इरम्मा घाबरलीच.

"हे तुम्ही केलं? तुमच्या हातानं?"

"मग काय, शेजारीण येऊन करून गेली?"

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच गं. दुसरं कोण खातंय इथं?"

वर्षाराणी वळली आणि न्हाणीत गेली. पाण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. इरम्मानं तोवर पाट मांडला, ज्वारीची भाकरी केली, कांदा चिरला. पोरगी बाहेर आली ती डोक्यावरून न्हाऊन. ओले केस मोकळे, आणि अंगावर माहेरची हिरवी साडी. वर्षभरात ती साडी ट्रंकेतून बाहेर आली नव्हती. इरम्माला भरून आलं. सणाला बसावं तशी बसतीय गं बाय माझी! आधीच का नाही सुचलं आपल्याला? एवढंच तर करायचं होतं.

तिनं ताटात दोन तुकडे वाढले. वर्षाराणीनं ताटाला हात लावून नमस्कार केला आणि पहिला घास मोडला. कुर्रकन आवाज झाला.

"मीठ बरोबर हाय का? मला काय कळतंय त्यातलं."

"बरोबर हाय, अव्वा."

तिनं भाकरी खाल्ली, अख्खी खाल्ली. पहिले दोन तुकडे संपले, मागून वाढलेलेही संपले. मध्येच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती जेवायची थांबली नाही. येऊ दे पाणी, इरम्मा मनात म्हणाली, साठलेलं कधीतरी निघायलाच पाहिजे. ती पदरानं तिला वारा घालत बसली. सूनबाई पोटभर जेवते आहे हे बघताना तिला स्वतःची भूक पहिल्यांदा जाणवली.

ताट बाजूला सारून वर्षाराणी उठली आणि वाकून तिनं इरम्माच्या पायांवर डोकं ठेवलं. ओले केस पावलांवर पसरले.

"ऊठ गं, येडी का काय!"

"तुम्हाला कुणी सांगितलं, अव्वा?" ती तशीच वाकलेली म्हणाली. "दादानं?"

"काय सांगायचंय त्यात?"

"आमच्यातलं." वर्षाराणी उठून बसली. डोळे पुसले. "आमच्यात नवरा गेला की बाई मासा सोडती. मग सासू स्वतःच्या हातानं करून वाढती. वाढलं की सुतक फिटलं, बाई मोकळी झाली. मग माहेरचे येऊन घिऊन जातात. सासूनं वाढल्याबिगर जाता येत न्हाय. तशीच गेली तर मेलेल्या माणसाला दोष लागतोय, म्हणतात." तिनं ओले केस मागं सारले. "दादा सारखा चल म्हणायचा. मी म्हणायची, अजून न्हाय. तुमच्यात तर सुतकच न्हाय, अन् मासा तर... मला वाटायचं, हे जन्मात व्हायचं न्हाय. मला इथंच ऱ्हावं लागतंय. तुमाला मागू तरी कशी?"

इरम्माच्या हातातला पदर तसाच राहिला. ती सगळी 'अजून न्हाय' तिला एकामागून एक आठवायला लागली. म्हणजे पोरगी राहिली होती ती ह्या ताटासाठी. आणि हे ताट आपणच टोस्ट कुटून, काटे वेचून, चार वेळा ऐकून तयार केलं.

तसं न्हाय गं, एवढंच म्हणायचं होतं. मला कुठं ठाऊक तुमच्यातलं, मी तर तू राहावीस म्हणून केलं. तेवढं म्हटलं असतं तर पोरीनं सुतक फिटलं असं धरलं नसतं, ती राहिली असती, ही तिची खात्री होती. शब्द पाळणारीच होती ती. शब्द ओठापर्यंत आलेही. तिनं वर्षाराणीच्या तोंडाकडं पाहिलं. वर्षभर आवळलेलं ते तोंड आता सैल झालं होतं. लग्न होऊन आली त्या दिवशी असंच होतं.

"कुणी सांगायला कशाला पायजे," इरम्मा म्हणाली. "कळतंय की मला."

ट्रेत शेवटचा तुकडा उरला होता. कडेनं थोडा करपलेला. इरम्मानं तो उचलून सुनेच्या ताटात ठेवला.

"एवढा खाऊन टाक. मागं ठेवून काय करायचंय."

वर्षाराणीनं तोही खाल्ला. मग हात धुऊन ती फोन घेऊन खोलीत गेली आणि आतून तिचा आवाज आला, "दादा, मी बोलायली." पुढचं इरम्मानं ऐकलं नाही. इतक्या दिवसांची भिंतीआडची सवय, पण आज ती उठून पडवीतच बसली.

मधलं दार किलकिलं झालं. चन्नबसप्पांनी डोकं आत घातलं.

"जेवली का?"

"जेवली."

"सगळं?"

"सगळं. पोटभर."

अप्पांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी उजेड आला. "म्हणलं नव्हतं का मी?" ते म्हणाले, जरी त्यांनी काही म्हटलेलं नव्हतं. "आता ऱ्हाती बघ ती. उद्या आणखी आण. मीच आणतो म्हण, काय व्हायचंय ते होऊ दे."

"बघू," इरम्मा म्हणाली.

तिनं ओव्हनची पिन काढली. ओव्हन अजून गरम होता, तरी तिनं त्याच्यावर ते जुनं फडकं घातलं आणि चारी कडा नीट खाली ओढल्या.