रिकाम्या जागेवरचा ठिपका

डलासजवळच्या फ्रिस्को गावातल्या घरात, किचनच्या टेबलावर, शुभाने नवा सॅटेलाइट फोटो उघडून मोठा केला. सीरियाच्या वाळवंटात, जिथे काही म्हणता काही नाही अशी तिची खात्री होती, तिथे एक काळा चौकोन दिसत होता. त्याच्याभोवती ताजे खड्डे होते. सगळे माणूसभर लांबीचे, एक तेवढा अगदीच लहान.

खड्डे कोणी खणले, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिथल्याच एका विद्यापीठासाठी ती रोमन साम्राज्याच्या पूर्व सीमेचा नकाशा करत होती. वाळूखाली गेलेल्या किल्ल्यांच्या भिंती हेरगिरी उपग्रहांच्या जुन्या फोटोंतून हुडकायच्या आणि एकेक ठिपका मांडायचा, हे तिचं काम. नकाशा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला झाला, विद्वानांनी पाठ थोपटली, आणि विद्वानांच्या आधी चोर जागेवर पोचले. जुनी नाणी विकून खाणाऱ्यांना याहून आयती वाट कोण दाखवणार होतं? पाहता पाहता किल्ल्यांची चाळण झाली.

मग एक तोडगा निघाला. खऱ्या जागेची नोंद लॅबमध्येच ठेवायची आणि खुल्या नकाशावर ठिपका उचलून रिकाम्या जागी ठेवायचा. खणा म्हणावं वाळू! शुभाला ही युक्ती भारी आवडली होती. येईल त्या पाहुण्याला ती हसत हसत सांगायची.

हा ठिपका तर तिने स्वतःच्या हाताने सरकवला होता. तेव्हा जो फोटो पाहिला तो ऑगस्टमधला होता. झाड नाही, झोपडी नाही. आता फेब्रुवारी चालू होता आणि तो काळा चौकोन म्हणजे मेंढपाळांचा तंबू होता.

शुभा वाढली घाटाखालच्या एका खेड्यात. दिवाळी झाली की धनगर त्यांच्या शेतात मेंढरं बसवायला यायचे आणि पावसाच्या आधी उठून जायचे. आषाढात कोणी ते शेत पाहिलं असतं तर इथे कोणी धनगर येत नाही असंच म्हणाला असता. हे तिला ठाऊक नव्हतं? दुसऱ्या कोणाला नाही, पण हिला कळायला हवं होतं! एसीत बसून बाईसाहेबांनी उन्हाळ्यातलं रान रिकामं ठरवून टाकलं होतं.

तंबूजवळ दोन पिकअप उभ्या होत्या. असले चोर बंदुका घेऊन फिरतात, हे तिने ऐकलं होतं. तिने संग्रामला, नवऱ्याला, ऑफिसात फोन लावला.

"ठिपका डिलीट कर ना यार," तो म्हणाला.

"डिलीट करून काय होणार? ते पोचलेत तिथे!"

"मग पोलिसांना इन्फॉर्म कर."

"कुठल्या पोलिसांना, संग्राम? फ्रिस्कोच्या?"

तिने ठिपका तरीही पुसला. मग युसूफना मेसेज केला. युसूफ म्हणजे ज्याचा हा ठिपका होता त्या खऱ्या किल्ल्याचे म्हातारे राखणदार. किल्ल्याशेजारच्या गावात राहायचे, मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे. त्या तंबूवाल्यांना कोणाकरवी निरोप धाडता येईल का, एवढंच तिने विचारलं. उत्तर आलं, "मोटारसायकल आहे. मीच बघून येतो."

"नको! तुम्ही जाऊ नका!" तिने लिहिलं. एकच टिक आली. फोन लावला, लागेना. म्हणजे आता आणखी एक माणूस तिने त्या खड्ड्यांकडे पाठवला होता. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकत होती.

लेक केया शाळेतून आली. "आई, व्हॉट हॅपन्ड? यू लुक स्केअर्ड."

"काही नाही गं. जेवून घे."

तेवढ्यात फोन वाजला. युसूफचा व्हॉइस मेसेज होता. ते चोर कालच निघून गेले होते. तंबूतल्या म्हाताऱ्याला त्यांनी मारलं होतं, पण तो जिवंत होता. पोरंबाळं, बायका सगळे सुखरूप होते. शुभाने केयाला जवळ घेतलं आणि ती घळाघळा रडली.

मेसेज अजून संपला नव्हता. "किल्ला कुठे, किल्ला कुठे, असं विचारत होते," युसूफ सांगत होते. "नाही म्हटलं तर मारायचे. त्या जागेत दगडांचे ढीग आहेत, तेवढे फक्त. ते यांच्या माणसांच्या कबरींचे. ते ढीग बघून त्यांना वाटलं, हाच किल्ला. सगळ्या खणून काढल्या. म्हाताऱ्याचा नातू मागच्या थंडीत गेला होता, त्याचीसुद्धा."

शुभाची नजर स्क्रीनवरच्या त्या लहान खड्ड्यावर गेली आणि तिथून हलेना.

"म्हातारा सारखा एकच विचारतोय. आमच्या जागेत काही आहे, हे त्यांना सांगितलं कोणी? मी म्हटलं, अफवा असेल. बरोबर बोललो ना?"

तिने उत्तर दोनदा रेकॉर्ड केलं, दोनदा पुसलं. शेवटी म्हणाली, "अफवा नव्हती. मी सांगितलं. त्या आजोबांना माझं नाव सांगा."

दोन टिक आल्या, निळ्या झाल्या. युसूफ काहीतरी लिहीत असल्याचं दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं. शुभा फोन हातात धरून उभी राहिली.