बजाजनगरचा मुका ढोल

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघा. ताटाएवढा गोल, काळा, कडेला झिजलेला आणि मधोमध रुपयाएवढा चकचकीत डाग. कुणी मला टायरचा तुकडा म्हणतं, कुणी माठाचं झाकण. दोन्ही खोटं. मी एक जुना ढोल आहे, फक्त जन्मापासून मुका. वादक मंडळी मला पॅड म्हणतात. जिथं खरा ढोल वाजवायची सोय नसते तिथं काड्या माझ्यावर चालवतात, आणि आवाज सगळा माझ्या पोटात राहतो. आजवर किती साठला असेल! एकदम बाहेर सोडला तर देवगिरीवरची तोफ लाजून मान खाली घालील. सोडत नाही, हा माझा मोठेपणा.

या जन्माआधी मी वाळूजच्या एका कारखान्यात लांबलचक रबरी पट्टा होतो. दिवसरात्र सरकायचो आणि पाठीवरून लोखंडी माल वाहायचो. मी वाहिलेला माल एका रेषेत मांडला असता तर वाळूजपासून कन्नड आलं असतं, घाट उतरला असता आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या लोकांनी 'हे कुणाचं?' म्हणून विचारलं असतं. मग एक दिवस मला चीर गेली आणि भंगारात टाकलं. तिथल्या इंद्रजीत नावाच्या ऑपरेटरनं साहेबांना विचारून माझा हातभर तुकडा घरी नेला. मोटारसायकलची चिखलपट्टी करायचा त्याचा बेत होता. विचार करा, चिखल खात मेलो असतो!

वाचवलं ते गोकुळ सरांनी. गोकुळ सर मूळचे बिडकीनचे. घरी ज्वारीचं रान, पण या माणसाचे हात लहानपणापासून डब्यांवर, पत्र्यांवर, म्हशीच्या पाठीवर वाजत. पुढं ते ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवू लागले. लग्न, जयंती, शाळेचं गॅदरिंग, जिथं बोलावतील तिथं. कार्यक्रम नसेल त्या दिवशी पोरांना शिकवावं म्हणून त्यांनी बजाजनगरात कडूबाई काकूंची खालची खोली घेतली.

आता तुम्ही म्हणाल, ढोल शिकवायला बजाजनगर कुणी निवडतं का? बरोबर आहे तुमचं. ही कामगारांची वस्ती. पहिल्या पाळीचा माणूस रात्री झोपतो, दुसऱ्या पाळीचा सकाळी आणि तिसऱ्या पाळीचा दिवसा. म्हणजे कधीही या, कुणीतरी झोपलेलंच असतं. आमच्या गल्लीत भाजीवाला कानात येऊन 'मेथी' म्हणायचा. कोंबडासुद्धा आधी खिडकीतून वाकून बघायचा आणि मग आरवायचा.

काकूंनी पहिल्याच दिवशी जिन्यात उभं राहून अट घातली. "क्लास घाला नाय तर शाळा घाला. पण आमचे मालक कायम तिसऱ्या पाळीला असतात. दिवसा झोपतात. धाड असा एक आवाज आला ना सर, तर तुमचा ढोल अन् तुमची वळकटी दोन्ही रोडवर."

"काकू, आवाजाशिवाय ढोल शिकवू कसा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. शिकलेले तुम्ही हाव का मी?"

सर खाली मान घालून बसले होते तेव्हा इंद्रजीत आपल्या लेकीचं, संस्कृतीचं नाव घालायला आला. त्याच्या गाडीला मी बांधलेला होतो. सरांनी मला बोटानं दाबून बघितलं, नखानं टिचकी मारली आणि इंद्रजीतला म्हणाले, "चिखलपट्टी नवी घ्या. हे मला द्या." मग त्यांनी मला गोल कापलं, प्लायवूडवर चिकटवलं आणि खाली जुन्या चपलांचे तळवे लावले. काड्या घेऊन माझ्यावर अशी एक फेरी चालवली की माझ्या अंगातून झिणझिण्या गेल्या. काकू जिन्यात कान लावून उभ्या होत्या.

"वाजवलं का?" त्यांनी विचारलं.

"वाजवलं."

"मग ठीक हाय."

मित्रांनो, ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

भंगारात उरलेल्या पट्ट्यातून माझ्यासारखे आणखी दहा भाऊ कापले गेले आणि अकरा पोरांचा क्लास सुरू झाला. रोज दुपारी, शाळा सुटल्यावर एक वाजता. मी संस्कृतीच्या वाट्याला आलो. आवाज नाही तर चूक कळायची कशी? त्यावर सरांनी एक युक्ती काढली. बिडकीनहून आणलेल्या ज्वारीचे पाच दाणे ते माझ्या मधोमध ठेवायचे. दोन्ही हात सारखे पडले की दाणे जागच्या जागी उड्या मारायचे. एक हात कच्चा पडला की सगळे दाणे त्या बाजूला सरकायचे.

"बघ, डाव्याकडं निघाले पाव्हणे," सर म्हणायचे. "डावा हात झोपलाय तुझा. तो बी तिसऱ्या पाळीला जातो का?"

उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा. वर्षभरात संस्कृतीचे दाणे जागेवर नाचायला लागले. तिच्या हाताखाली ते इतके उडायचे की एकदा त्यांची लाही झाली. तुम्ही विश्वास ठेवू नका, पण मी चाखलीये.

मधूनच एखाद्याची काडी चुकून टेबलाच्या कडेला लागायची, टक्! लगेच अकराच्या अकरा पोरं छताकडं बघून दबक्या आवाजात म्हणायची, "सॉरी, काकू!" ही त्यांची सवयच झाली. शाळेत पाढे म्हणतात तसं पोरं इथं सॉरी म्हणायची.

कार्यक्रमाच्या दिवशी सर मलाही पिशवीत घालून न्यायचे. रंगमंचामागं उभं राहून माझ्यावर हात गरम करायचे आणि मग मला पिशवीत टाकून पुढं खऱ्या ड्रमवर जाऊन बसायचे. एकदा कन्नडच्या घाटात एसटी बंद पडली. सरांनी मला मांडीवर घेतलं आणि लय धरली. माझ्या अंगात ती घुमली, सीटमध्ये उतरली, पत्र्यातून इंजिनात गेली आणि इंजिन आपलं आपण सुरू झालं! ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता, त्याला पळत येऊन गाडी पकडावी लागली. पण टाळ्या कुणाला मिळाल्या? कुणालाच नाही. टाळ्या पुढं, रंगमंचावरच्या ड्रमला. मी पिशवीत पडून त्या ऐकायचो. खरं सांगतो, हेवा वाटायचा. आपल्यालाही एक दिवस कुणी ऐकावं, एवढंच मागणं होतं.

पण ऐकणार कोण? तीन वर्षं गेली तसे पालक कुरकुरू लागले. "पोरगं घरी येऊन गादीवर टकटक करतं. ह्याला काय शिकणं म्हणायचं?" कुणी पोराला कराटेला घातलं, कुणी इंग्रजीच्या शिकवणीला. माझे भाऊ एकेक करून गेले. एक दुचाकीच्या स्टँडखाली, एक माठाखाली. शेवटी संस्कृती आणि मी उरलो. 'रान बघायला ये' म्हणून बिडकीनहून आईचा फोन यायचा तेव्हा सर बाहेर जाऊन बोलायचे आणि आत आल्यावर बराच वेळ माझ्यावर नुसता हात ठेवून बसायचे.

मग एक दिवस इंद्रजीतच दारात आला.

"सर, राग मानू नका. रविवारी कॉलनीचा मेळावा हाय. संस्कृतीला खऱ्या ड्रमवर वाजवू द्या. सगळ्या लोकांसमोर वाजवलं तर गेलेली दहा पोरं मी स्वतः घरोघर जाऊन परत आणतो. नाय वाजवलं तर माझी पोरगी बी बंद."

"वाजवती," सर म्हणाले. इंद्रजीत गेल्यावर मला म्हणाले, "नाय वाजवलं तर आपण बिडकीनला."

रविवारी संध्याकाळी कॉलनीच्या मोकळ्या जागेत मंडप. सरांनी ऑर्केस्ट्रातला ड्रमसेट टेम्पोत घालून आणला होता. पहिल्या रांगेत कडूबाई काकू, आणि शेजारी त्यांचे मालक भिकनभाऊ, रात्री कामावर जायचं म्हणून कंपनीचा शर्ट घालूनच आलेले. मी नेहमीप्रमाणं पिशवीत, पण पिशवीचं तोंड उघडं होतं.

संस्कृती बसली. काड्या वर गेल्या. आणि पहिलाच ठोका पडला, धाड!

पोरगी दचकली. तिनं काकूंकडं बघितलं आणि समोरच्या माइकमध्ये सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सॉरी, काकू!"

मंडप खदखदून हसला. तिनं पुन्हा काडी उचलली, पण हात खाली येईना. आला तर फुलावर पाणी शिंपडल्यासारखा. गर्दीला ती भीत नव्हती. तीन वर्षं तिला एकच गोष्ट पक्की शिकवली गेली होती, की आवाज झाला म्हणजे गुन्हा झाला. त्या पोरीला सरांनी एकदासुद्धा खऱ्या ड्रमवर बसवलं नव्हतं. स्वतः दर आठवड्याला वाजवायचे, म्हणून त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आता आलं. मागं कुणीतरी म्हणालं, "मुका क्लास, मुकी पोरगी!" इंद्रजीत मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता.

सर उठले. पिशवीतून त्यांनी मला काढलं आणि ड्रमवर ठेवलं, माइक खाली वाकवून माझ्याजवळ आणला. "ह्याच्यावर वाजव. दाणे हायेत असं समज."

मित्रांनो, माझी पहिली मैफल! टकटक, टकटक. उजवा, डावा, उजवा, उजवा. हसणारे हळूहळू गप्प झाले. मागचे पुढं सरकले, पुढचे वाकले. डास चावायचे थांबून ऐकत होते. डावा हात उजव्याला गाठत होता, उजवा डाव्याला चुकवत होता, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला,

घुर्रर्र.

भिकनभाऊ झोपले होते! मान छातीवर, तोंड उघडं. काकूंनी कोपर मारलं तसे ते खडबडून उठले. संस्कृतीचे हात थांबले.

"थांबली का गं पोरी?" भिकनभाऊ डोळे चोळत म्हणाले. "किती छान लागली होती झोप."

"लोकांत घोरता? लाज हाय का?" काकू म्हणाल्या.

"आता त्याला मी काय करू? रोज ह्याच्यावरच तर झोपतो मी."

काकूंचा हात तसाच हवेत राहिला. "कशावर?"

"ह्या टकटकीवर. अगं, मी पत्रा ठोकायच्या प्रेसवर काम करतो. रातभर कानाशी धाड धाड. घरी आलं की सगळं सुनं सुनं, मसणवट्यासारखं. डोळा लागत नाय. एक वाजेपर्यंत नुसती कूस बदलतो. एकला खालून ही बारीक टकटक सुरू झाली की मग गार होतो."

"मग तीन वर्षं बोलला का नाय?"

"तू बोलू देती का? तोंड उघडलं की 'झोपा' म्हणती!"

मंडप पुन्हा हसला. काकू नाही हसल्या. "जोडवी वाजू नये म्हणून मी घरात टाचांवर चालते," त्या म्हणाल्या. "टाचा फुटल्या माझ्या."

"व्हय ना," भिकनभाऊ हळूच म्हणाले. "पहिलं त्या जोडव्यांवर झोपायचो. एक दिवस ती बी गेली."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. मग तिथूनच ओरडल्या, आणि बजाजनगरात आजवर इतकं मोठ्यानं कुणी ओरडलं नव्हतं. "वाजव गं संस्कृते! बघती काय माझ्याकडं? आन् सॉरी-बिरी म्हणली तर तिथं येऊन कान धरीन!"

संस्कृतीनं मला दोन्ही हातांनी उचललं. माझ्या कडेच्या चिरेत ज्वारीचा एक दाणा अडकलेला होता, तो तिनं बघितला आणि हसली. मला बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि मग काड्या खाली आल्या. मी काय सांगू? तीन वर्षं माझ्या पोटात साठलेलं सगळं त्या ड्रममधून बाहेर पडलं. बिडकीनला सरांच्या आईनं दार उघडून बघितलं म्हणे, आभाळ कुठं गडगडतंय. त्या रात्री मी खुर्चीवर पडून टाळ्या ऐकल्या आणि हेवा वाटला नाही. मला ऐकणारा एक माणूस आधीपासूनच होता. मला ठाऊक नव्हतं, कारण तो झोपलेला असायचा.

इंद्रजीतनं शब्द पाळला. दहाच्या जागी चौदा पोरं आली. खालच्या खोलीत आता खरा ड्रमसेट आहे, आणि गल्लीशी बोलून त्याच्या वेळा ठरल्यात. नवीन पोरांसाठी नवीन, विकतचे पॅड आलेत, निळे, गुळगुळीत. मी वर, काकूंच्या स्वयंपाकघरात असतो. त्या माझ्यावर वरणाचं गरम पातेलं ठेवतात. माझ्यासारख्या कलावंताला हे शोभतं का, तुम्हीच सांगा.

पण रविवारी क्लास बंद असतो. भिकनभाऊ सकाळी कामावरून येतात, जेवतात आणि आडवे होतात. मग काकू मला पुसून खाटेशी नेतात, मांडीवर घेतात. एका हातात लाटणं, एका हातात उलथनं. संस्कृतीनंच शिकवलंय. उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा हात अजून कच्चा आहे, तरी पाचव्या फेरीला घोरणं सुरू होतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना, गप्प बसणारा जिन्नस असेल तर त्याला माठाखाली घालू नका. अधूनमधून पुसा, उन्हात टाकू नका आणि पातेलं जरा निवू द्या. त्याच्यावर कुणाची झोप टेकलेली असेल, सांगता येत नाही.

आणि इथून जाताना पाय चांगले वाजवत जा. घरात माणूस झोपलंय.