रविवारची गोळी

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. गेल्या वर्षी मणक्यांच्या घनतेचा आकडा उणे दोन पूर्णांक सहा होता. यंदा उणे दोन पूर्णांक नऊ, म्हणजे हाडं आणखी विरळ. संयोगितानं तो दोनदा वाचला.

"गोळ्या चुकल्या का?"

"एकही नाही." तिनं मोबाइलमधला तक्ता उघडला. फुफ्फुसाच्या सुजेवरचं स्टेरॉइड नाश्त्यानंतर, कॅल्शियम दुपारच्या जेवणावर, हाडांची गोळी दर रविवारी उपाशीपोटी. बावन्न रविवार, बावन्न खुणा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीनं वडिलांसाठी केलेला तक्ता होता तो.

जोतीरामआबांचं आकड्यांकडं लक्षच नव्हतं. "ते ऱ्हाऊ द्या, डॉक्टर. पाडव्याला म्हैस पळवू का नको, तेवढं सांगा."

दिवाळीच्या पाडव्याला कसबा बावड्यात म्हशी सजवून पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं, म्हैस त्या गाडीच्या आवाजामागं. आबांची चंद्रा त्यांच्याच गाडीमागं धावायची, दुसऱ्या कुणाच्या नाही. स्टेरॉइडनं हाडं विरळ झाली म्हणून गेल्या पाडव्याला डॉक्टरांनी मनाई केली होती. आबांनी वर्ष कसंबसं ढकललं होतं.

"रविवारची गोळी कशाबरोबर घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुधासंगं की! धारोष्ण, तांब्याभर. हाडाची गोळी पाण्यासंगं कोण घेतंय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, ते म्हणाले, अंगाला ती लागतच नाही. पेलाभर साधं पाणी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. वर्षभराच्या गोळ्या जवळजवळ वाया गेल्या होत्या.

संयोगिताचे कान तापले. कॅल्शियम कशाकशाला धरून ठेवतं, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. आणि दर रविवारी तो तांब्या तिनंच हातात दिला होता. बारा म्हशींच्या त्या घरात दूध प्यायल्यावर पोट उपाशी राहत नाही, असं कुणी धरतच नव्हतं.

"आता नीट सुरू करा. रोज चालायचं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठबस. वजन, धक्के, ओढाताण नको. स्टेरॉइड मनानं बंद करायचं नाही. आणि गाडी यंदाही नको."

रिक्षात आबा मांडी हलवत बसले. "पाडवा आठ दिसांवर हाय. तवर हाड थोडं बी भरणार न्हाय व्हय? तू शिकल्याली हाईस."

"न्हाय, आबा. चूक माझीच हाय."

"तुझी कशी? म्हैस माझी, दूध माझं."

तिला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी आबांनी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि गोठा ते फाटक अशा येरझाऱ्या सुरू केल्या. "अजून किती?"

"एकोणीस मिनिटं."

"तुझं घड्याळ बंद पडलंय."

शेजारचे बाळासो फाटकावरून ओरडले, "काय जोतीराम, यंदा बी चंद्राला घरात बसवून फराळ चारणार काय?" आबा हसले, पण दुपारी ते मोटारसायकल पुसत बसलेले तिला दिसले. तिनं किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली.

पाडव्याला ती अंघोळ करून बाहेर आली तर चंद्राचं दावं रिकामं. मोटारसायकल जागेवर होती. पण बाळासोंची नव्हती, आणि आबांनी कुणाचीही गाडी मागून घेतली असती. ती चपला न घालताच धावली.

रस्त्यावर सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचे आवाज कानठळ्या बसवत होते. एकेक गाडी सुसाट जाई, मागं म्हैस, आणि प्रत्येक वेळी संयोगिता धुरळ्यात चेहरा शोधी.

मग आबा दिसले. रस्त्याच्या कडेनं, दोर हातात घेऊन, चालत. शेजारी चंद्रा, रंगवलेली शिंगं, कपाळाला मोरपीस.

"पळव की लेका!" बाळासो गाडीवरून खेकसले. "वरात हाय व्हय?"

"डॉक्टरनं चालायला सांगितलंय," आबा म्हणाले, "दोघास्नी बी."

लोक हसले. तेवढ्यात मागून एक गाडी गर्जत आली. चंद्रानं मान उचलली, दोर ताठ झाला, आबांचा खांदा पुढं ओढला गेला.

आबांनी दोर सोडून दिला.

चंद्रा वीस-पंचवीस पावलं उधळली. पुढं ओळखीचा आवाज नाही हे कळल्यावर थांबली आणि वळून बघत उभी राहिली. आबा धावले नाहीत. मूठ मिटत, उघडत, एकेक पाऊल टाकत तिच्याकडं निघाले. संयोगिता पुढं झाली, तिनं दोर उचलला.

"मी धरते, आबा."

"ओढाय लागली तर सोडायची. मूठ आवळून धरायची न्हाय." ते पुढच्या धुरळ्याकडं बघत होते. दुसरी गाडी गेली, तिसरी गेली. त्यांची पावलं भराभर पडू लागली.

"आबा, हळू."

"चालतोयच की!"