मायुमीच्या छातीतली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. बारीक तारांची, वाटाण्याएवढी. मायुमीच्या छातीत, हृदयालगतच्या एका नळीत मी बूच होऊन बसले आहे. ही नळी जन्मानंतर आपोआप मिटायची असते. मायुमीची उघडीच राहिली. दूध पिताना पोर घामाघूम होई आणि दोन घोटांत दमे.

भिंगाखाली मला विणणाऱ्या बायांनी माझे फार कौतुक केले होते. पण मनिलाच्या इस्पितळात मला डबीतून बाहेर काढले, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तान्ह्या जिवाचा भार माझ्यावर!

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारातच घोटाळा झाला. हात धुऊन तयार असलेले डॉक्टर बुनाग मायुमीकडे पाहून सहज बोलून गेले, "काय गोड छोकरी आहे!"

तिची आजी, लोला पासिंग, किंचाळलीच. "गोड म्हणालात ना, आधी तुमची थुंकी लावा तिला! नजर लागेल पोरीला. हिच्या भावालाही कुणीतरी असंच गोड म्हणालं, अन् गेला तो!"

"लोला, हात धुतलेत मी."

"मग परत धुवा. पाणी काय तुमच्या घरचं जातंय?"

डॉक्टरही खेड्यातच वाढलेले. त्यांनी मुखपट्टी खाली केली, थुंकीने अंगठा ओला करून मायुमीच्या तळपायाला लावला आणि मुकाट्याने पुन्हा हात धुवायला गेले.

मग मला दुमडून एका लवचीक नळीत भरले. मांडीच्या शिरेतून मी अंधारात वर सरकले. जागेवर पोहोचून उघडले, तर रक्ताचा केवढा लोंढा! नीट बसले का म्हणून डॉक्टरांनी माझ्या पाठीला पिळून जोडलेल्या तारेने मला ओढून पाहिले, आणि मी घसरले. तशीच सुटले असते तर फुप्फुसात जाऊन अडकले असते. पोरीचा जीव माझ्यामुळेच गेला असता.

"पुन्हा," डॉक्टर एवढेच म्हणाले.

या वेळी मी जिवाच्या आकांताने धरून राहिले. त्यांनी पीळ सोडवून तार काढून घेतली. आता माघार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मायुमीने एका दमात बाटली रिकामी केली. लोला ढसाढसा रडली.

हळूहळू माझ्यावर मांस चढले. आता माझी कुणाला आठवणही नसते. मायुमी जिन्यावरून उड्या मारते, तेव्हा मी अजूनही घाबरून अंग आवळते.

मित्रांनो, तान्हे बाळ दूध पिताना असे दमत असेल, तर खुशाल दृष्ट काढा, पण डॉक्टरांकडेही न्या. मायुमीचा भाऊ असाच दमायचा. लोला तिला कुशीत घेऊन त्याचे सांगते, तेव्हा मला सगळे ऐकू येते. त्याच्या तळपायाला अख्ख्या वस्तीने थुंकी लावली होती. छातीला कान मात्र कुणीच लावला नव्हता.