पिवळ्या शालीची कैफियत

मित्रांनो, मला पाहिलं की इडापिडा टळावी म्हणून माणसं अजूनही लाकडाला हात लावतात. मी लोकरीची एक जुनी शाल आहे. माझा रंग पिवळा, आणि आमच्या स्पेनमध्ये नटमंडळींना पिवळ्या रंगाचा धसका आहे. पिवळं अंगावर घेतलं की अरिष्ट येतं, असं ती मानतात.

माझा जन्म आल्माग्रो गावातला. तिथे एका रहस्यकादंबरीवर सिनेमा निघत होता. गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. पिवळी शाल पांघरलेली एक विधवा आपल्या घराच्या दगडी पायऱ्या उतरते आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. कादंबरीत ती शाल पानोपानी येते. त्यामुळे रंग बदलायचा प्रश्नच नव्हता.

कपडेपट सांभाळणाऱ्या ओब्दुलियानं मला आधी तुरटीच्या पाण्यात उकळलं, मग कांद्याच्या सालींच्या काढ्यात. तुरटी नसेल तर रंग लोकरीला धरून राहत नाही. तिनं मला उन्हात पसरलं तेव्हा मी अशी झळकले की तिचं तिलाच हसू आलं. तिचा नवरा खिनेस सेटवरचं सामानसुमान बघायचा. त्यानं चटकन दाराच्या फळीला हात लावला.

“बाई गं, तू मला विधुर करणार!”

“तेवढं माझं नशीब कुठलं?” ओब्दुलिया म्हणाली.

पण मुख्य नटी लेओकादियाबाई मला पाहून दोन पावलं मागे सरल्या. “हे माझ्या अंगाला लावायचं नाही! माझी आजी पिवळा पंखा घेऊन रंगमंचावर गेली आणि थिएटरला आग लागली.”

“बाई, आग दिवा पडून लागली असेल,” ओब्दुलिया म्हणाली.

“आणि दिवा कशानं पडला? पंख्यानंच ना!”

दिग्दर्शकानं समजूत घातली, विनवण्या केल्या. बाई हलेनात. शेवटी तो म्हणाला, “दृश्य पाठमोरं आहे. याच उंचीची दुसरी कुणीही चालेल.”

ओब्दुलियाची धाकटी बहीण कितेरिया तिथेच उभी होती. ताईसाठी जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती लेस विणायची. मांडीवरच्या उशीवर लाकडी रिळं तिच्या बोटांत अशी नाचत की बघणाऱ्याची नजर ठरत नसे. तिचं घर त्याच बोटांवर चालायचं.

“द्या इकडे!” ती हसून म्हणाली. “मी कुठे नटी आहे? मला कसला आलाय पिवळ्याचा धाक!”

मी तिच्या खांद्यावर गेले. कॅमेरा सुरू झाला. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय सटकला. ती हातावर पडली आणि मनगट मोडलं.

“शाल! ती शालच!” सगळ्यात आधी खिनेस ओरडला. मग सगळेच तेच म्हणू लागले. ओब्दुलिया कपाळ बडवून घेत होती. “मीच रंगवली. माझ्या हातानं बहिणीचा हात मोडला.” डॉक्टर म्हणाले, बोटं पहिल्यासारखी चालतील याचा भरवसा नाही.

मित्रांनो, मीही ते खरं मानलं. पण माझ्या झालरीला काहीतरी चिकट लागलं होतं, आणि ते वाळत नव्हतं.

काही दिवसांनी खिनेस ओब्दुलियाबरोबर मला घेऊन कितेरियाच्या घरी आला. चूल पेटलेली होती. लेसची उशी कोपऱ्यात तशीच पडून होती. “जाळून टाकतो हिला. म्हणजे पीडा जाईल,” तो म्हणाला.

मला गुंडाळून चुलीत घालायला ओब्दुलियानं झालर हातात धरली आणि तिची बोटं तिथेच थांबली. तिनं ती चोळून पाहिली, नाकाला लावली.

“पाणी असतं तर केव्हाच वाळलं असतं. हे काय आहे?”

खिनेसनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

“पायरीवर काय ओतलं होतं?”

“ग्लिसरीन,” तो हळूच म्हणाला. “दिव्यांच्या उष्णतेनं पाणी लगेच उडतं. दगड ओला चमकायला हवा होता. तिसरी पायरी सांभाळा, असं मी लेओकादियाबाईंना सकाळीच सांगितलं होतं. मग माणूस बदललं. आणि हिला सांगायचं राहून गेलं.”

“राहून गेलं!” ओब्दुलिया म्हणाली. “आणि शाल, शाल म्हणून ओरडायचं बरं राहिलं नाही!”

“ती पडली त्याच क्षणी मला कळलं होतं, ओब्दुलिया. तोंडातून ‘शाल’ निघालं. सगळ्यांनी ते उचललं, आणि मग मागे फिरता येईना.”

कितेरिया प्लास्टरमधल्या हाताकडे बघत होती. “भावजी, तुम्ही रोज येऊन माझ्यासमोर या शालीला शिव्या दिल्यात. मीपण दिल्या तुमच्याबरोबर. ताई तर माझ्या नजरेला नजर देत नव्हती.”

खिनेसनं टोपी काढली. ती हातात चुरगाळत तो बसून राहिला. मला कुणी चुलीत टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या मंडळींसमोर खरं काय ते सांगितलं. कितेरियाचं मनगट जुळलं, पण करंगळी पुरती वाकली नाही. नाजूक नक्षी तिच्या हातून सुटली, साधी काठपट्टी तेवढी राहिली. सिनेमा खूप गाजला. पायऱ्यांच्या दृश्याला लोक श्वास रोखून बसत. खिनेस मात्र त्या वेळी डोळे मिटून घ्यायचा.

आता मी माद्रिदमध्ये भाड्याच्या कपड्यांच्या एका दुकानात मागच्या खुंटीवर आहे. मला कुणी नेत नाही, त्याचं दुःख नाही. डाचतं ते वेगळंच. माझ्या रंगानं पाय घसरत नाही, हे मला पुरतं कळतं. तरी माझ्या रंगामुळेच माणूस बदललं आणि धोक्याची सूचना चुकीच्या कानात राहिली. शिवाय मी तिथे नसते, तर दोष द्यायला कुणाला काही सापडलं नसतं, आणि कुणीतरी पायरीकडे वाकून पाहिलं असतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्यात कुणी पडलं तर शालीवर बोट रोखण्याआधी एवढं करा. खाली वाका आणि पायरीला हात लावून बघा. तुमच्या बोटांना काही चिकट लागलं, तर ते पुसून टाकायच्या आधी मोठ्यानं सांगा.